जी मागे राहील, तिचं घर

टाचणीकाकूंशी बोलायचं तर आधी त्यांच्या तोंडाकडे बघावं लागे. ओठांच्या कोपऱ्यात टाचण्या चमकताना दिसल्या की बाई कामात आहेत असं समजायचं. अशा वेळी त्यांच्याकडून फक्त "हं" किंवा "हंहं" मिळे, आणि त्यातला होकार कुठला नि नकार कुठला हे ज्याचं त्यानं ताडायचं. शहाणी गिऱ्हाइकं आपली गाऱ्हाणी नेमकी तेव्हाच मांडत. बाही तोकडी झाली, काज उसवलं, काय हवं ते बोलून घ्यावं आणि टाचण्या उशीत परत जायच्या आत जिना उतरावा. कारण एकदा तोंड मोकळं झालं की तासभर तुंबलेलं बोलणं धो धो बाहेर पडे आणि समोर असेल तो नखशिखान्त भिजे.

नवे कपडे शिवणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. "नवं काय, कुणीही शिवेल," असं त्या म्हणत. त्यांचं काम दुरुस्तीचं. घट्ट झालेलं सैल करायचं, सैल झालेलं आवळायचं, थोरलीचा फ्रॉक धाकटीच्या अंगाला बसवायचा. रस्त्यावरच्या कोणाचं वजन वाढतंय, कोण खंगत चाललंय, हे डॉक्टरच्या आधी त्यांच्या मोजपट्टीला कळे. दुसऱ्या शिंप्यांवर त्यांचा एकच राग होता. ते शिवणीच्या आत माया सोडत नाहीत, सगळं जास्तीचं कापड कापून टाकतात. "माणूस आज आहे तेवढाच उद्या राहतो का? आत चार बोटं कापड ठेवायला यांचं काय जातं?" असं म्हणत त्या परक्या शिंप्यानं शिवलेली पँट उलटी करून अशी बघत की पँट घालून आलेला माणूसच ओशाळे.

घर सायकलदुरुस्तीच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, माणसाएवढा आरसा, कपडे घालून बघायला एक पडदा. मागच्या खोलीत नणंद. काकूंचा नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती आणि घर एकट्या काकूंच्या नावावर होतं. मूलबाळ नव्हतं. नणंद होती.

ही नणंद तरुणपणी एक बॅग घेऊन आठ-पंधरा दिवसांसाठी आली. जवळच्या थिएटरात तिकीटखिडकीवर काम मिळालं होतं, खोली मिळेपर्यंत भावाकडे राहते म्हणाली. खोली काही मिळाली नाही, लग्न काही ठरलं नाही, पुढे भाऊ गेला, त्याही पुढे थिएटर बंद पडलं, आणि आठ-पंधरा दिवस अजून संपायचे होते. सगळा रस्ता तिला तिकीटबाई म्हणे. उभा जन्म एका छोट्या खिडकीतून जग बघितल्यामुळे जगात दोनच प्रकारची माणसं असतात असं तिचं ठाम मत झालं होतं. एक रांगेत उभी राहणारी, दुसरी रांग मोडणारी. दुधाच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत, ती जाईल तिथे आपोआप रांग लागे. ओळखीपाळखी सांगून पुढे घुसणाऱ्या एका गृहस्थांना तिनं दवाखान्यात असं झापलं होतं की त्यांचं ब्लडप्रेशर मोजण्यात अर्थ उरला नव्हता.

नणंद वयानं दोन वर्षांनी मोठी, पण नात्यानं धाकटी, कारण काकू तिच्या थोरल्या भावाची बायको. त्यामुळे कोणी कोणाला मान द्यायचा हा पेच पहिल्याच दिवशी पडला होता. दोघींनी तो एकमेकींना "तुम्ही" म्हणून सोडवला आणि मग मनसोक्त भांडायला त्या मोकळ्या झाल्या.

"वन्सं, तुम्ही लहानपणी डोक्यावर पडला होतात का?"

"नाही वहिनी. ते तुमच्या घरात आल्यानंतरचं."

असं सगळं आदरपूर्वक चाले. काकूंच्या तक्रारी काही थोड्या नव्हत्या. वन्सं अंघोळीला गेल्या की गाणं म्हणतात आणि तेही चुकीचं. चहात साखर घालून ढवळत नाहीत आणि मग तळची साखर चमच्यानं खात बसतात. कॅलेंडर भिंतीवर लावत नाहीत. ते टेबलावर बरणीला टेकवून उभं असतं आणि पंखा लावला की तोंडावर आपटतं. पर्स खुर्चीच्या पाठीला, छत्री दाराच्या कोपऱ्यात, आरसा खिडकीत आडवा. "अहो, एक खिळा मारून घ्या की," काकू म्हणत. "असू दे हो, चाललंय माझं," असं उत्तर ठरलेलं. काकूंच्या मते हा शुद्ध आळस होता, आणि सासरकडून आलेला होता.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एके दिवशी काकूंचा भाचा आला.

भाचा म्हणजे त्यांच्या बहिणीचा मुलगा. फर्निचरचा धंदा. मनानं वाईट नव्हता, पण कुठल्याही घरात गेला की भिंतीवर बोटानं टकटक करायची त्याला खोड होती. त्या दिवशी काकू एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची खुणावत जमिनीवर बसल्या होत्या, तोंडात टाचण्या. भाच्यानं मधल्या भिंतीवर टकटक केलं, कान लावला आणि खूश होऊन म्हणाला, "मावशी, ही भिंत पोकळ आहे. पुढेमागे काढून टाकली की मस्त मोठा हॉल होईल बघ."

भिंतीच्या पलीकडे वन्संची खोली होती. काकूंनी मान वर केली.

"अगं, आत्ता नाही म्हणत मी," भाचा म्हणाला. "तुझ्या नंतर. आत्यांची काहीतरी सोय बघूच की आपण."

काकू "हंहं" म्हणाल्या. भाच्याला वाटलं, होकार. तो चहा पिऊन गेला. काकूंच्या डोक्यात मात्र तो "सोय" शब्द असा रुतला की त्या पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड झाला.

याला कारण होतं. काकूंचा थोरला भाऊ वारला तेव्हा त्यानं मृत्युपत्र करून ठेवलं होतं. टाइप केलेलं, दोन साक्षीदारांचं, कुठे नाव ठेवायला जागा नाही असं. घर बायकोला. सगळ्यांना वाटलं, आता काय, कागद दाखवायचा नि राहायचं. पण कोर्ट म्हणालं, हे मृत्युपत्र खरं कशावरून? आधी सिद्ध करा. याला प्रोबेट म्हणतात हे काकूंना तेव्हा कळलं आणि तेव्हापासून त्या शब्दानंच त्यांच्या कपाळावर आठी पडे. सगळ्या वारसांना नोटिसा गेल्या. कोण कुठला चुलतभाऊ, ज्यानं भाऊ जिवंत असताना साधी विचारपूस केली नव्हती, तो हरकत घ्यायला धावत आला. दोन साक्षीदारांपैकी एक तोवर वर गेला होता आणि दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. घराला कुलूप लागलं. भावाची बायको भाड्याच्या खोलीत राहायला गेली आणि काकू तिला सोबत म्हणून कोर्टाच्या व्हरांड्यात बसू लागल्या. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी त्या व्हरांड्यात शिपायांची बटणं लावली, पट्टेवाल्यांच्या बाह्या शिवल्या, समोरच्या वकिलाचा फाटलेला गळपट्टासुद्धा सांधून दिला. शेवटी निकाल लागला. घर मिळालं. पण एव्हाना बिचारीचे गुडघे गेले होते. तिसऱ्या मजल्यावरचं आपलं घर ती रस्त्यावरूनच बघून आली.

आता आपल्यामागे वन्सं त्या व्हरांड्यात बसल्या आहेत आणि नोटीस निघालेला भाचा समोर उभा राहून कोर्टाची भिंत वाजवतो आहे, असं चित्र काकूंच्या डोळ्यांपुढे येऊ लागलं. वन्सं तर त्यांच्या रक्ताच्या नात्याच्याही नव्हत्या. काकू हबकल्या. दुसऱ्याच दिवशी त्या वकिलांकडे गेल्या.

वकील त्यांचं जुनं गिऱ्हाईक. दर वर्षी त्यांचा काळा कोट काकूंकडे सैल करायला येई आणि दर वर्षी काकू त्यांना जिन्यानं चढण्याउतरण्याचा सल्ला देत.

"मृत्युपत्राचं नाव काढायचं नाही," काकूंनी खुर्चीत बसता बसता बजावलं. "मी गेल्यावर कोर्टात जाणारा कागद मला नको. मी असताना पक्का होईल असा कागद सांगा."

"मग बक्षीसपत्र करा, काकू," वकील म्हणाले. "आत्ताच घर त्यांच्या नावावर करायचं. तुम्हाला हयात असेपर्यंत तिथेच राहायचा हक्क, असं त्यात लिहायचं. म्हणजे उद्या कोणी तुम्हाला बाहेर काढू शकत नाही, आणि तुम्ही गेल्यावर कोणाला काही सिद्ध करायला नको. घर आधीच त्यांचं झालेलं."

काकूंना हे एकदम पसंत पडलं. राहायचा हक्क म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं कापड, असा त्यांनी हिशेब लावला. "कच्चं करून आणा," त्या म्हणाल्या. "अंगावर घालून बघते आणि मग पक्की शिलाई."

वकील कच्चा मसुदा घेऊन आले. काकूंनी तो चष्मा लावून वाचला, खडूनं खुणा केल्या, "सदर", "उपरोक्त" आणि "यांसी" हे सगळं जास्तीचं आहे, कापून टाका, म्हणाल्या. दोन पानं सरकू नयेत म्हणून त्यांनी टाचणीनं जोडली. ती वकिलांच्या अंगठ्यात घुसली. मग त्यांनी मागच्या खोलीकडे हाक मारली, "वन्सं, या बाहेर. ट्रायल आहे."

वन्सं आल्या. वकिलांनी वाचून दाखवलं. शेवटची ओळ होती, घर मिळणारीनं ते स्वीकारल्याची, आणि तिच्याखाली सहीची जागा.

"ही सही माझी?" वन्संनी विचारलं.

"हो. तुम्ही स्वीकारल्याशिवाय बक्षीसपत्राला अर्थ नाही," वकील म्हणाले.

"मग नाही स्वीकारलं," वन्सं म्हणाल्या आणि चहाचा कप उचलून आत निघाल्या.

काकूंचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले. "अहो, थांबा! घर देतेय मी तुम्हाला, घर! आणि तुम्ही नाक मुरडताय?"

वन्सं दारात वळल्या. "वहिनी, वयानं मोठी कोण?"

"तुम्ही. म्हणजे काय, सगळ्या रस्त्याला सांगत फिरता ते."

"मग रांगेत तुमच्यापुढे मी. आधी माझा नंबर लागणार. तुमच्यानंतरच्या खेळाचं तिकीट घेऊन मी काय करू? वाया जाईल."

"रांग! वरती काय तुमचं थिएटर आहे?"

"आणि समजा तुम्ही घुसलात रांगेत, तुमचा नेम नाही, तरी मला नको. आल्यापासून घेतेच आहे मी. तुम्ही देणार, मी घेणार. बस झालं." एवढं म्हणून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून कॅलेंडर पडल्याचा आवाज आला.

झालं, घोडं अडलं. काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी अबोला धरला. वन्संनीही धरला. पण दोन खोल्यांच्या घरात अबोला पाळणं हे फार मेहनतीचं काम. मग गिऱ्हाइकांची पंचाईत होऊ लागली. अर्धवट टाचलेली पँट घालून उभ्या राहिलेल्या माणसाला काकू म्हणत, "त्यांना सांगा, चहा गार होतोय." तो बिचारा टाचण्या सांभाळत मागच्या दाराशी जाऊन निरोप देई. आतून उत्तर येई, "त्यांना म्हणावं, मला आज साखर कमी." तो परत येई. एक बाई तर या निरोपांत इतकी गुंतली की आपला ब्लाउज सैल करायचा होता की घट्ट, हेच विसरली.

दिवसा हे असं. पण पायात मशीन फिरत असताना काकूंच्या मनात दुसरंच चाले. त्यांना भीती वाटत होती. स्वतःच्या मरणाची म्हणाल तर तेवढी नाही. त्या बाबतीत त्यांचं मत होतं की जो तो आपल्या मापानं जातो. भीती होती ती त्यानंतरची. वन्संना बॅग भरताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि आपण नसताना कोणी ती भरायला लावली तर, हा विचार आला की त्यांचा टाका चुके.

शेवटी कोट न्यायला वकील आले आणि दोघींच्या मध्ये सापडले. एकीकडून काकू, दुसरीकडून दाराच्या फटीतून वन्सं. त्यांनी हात टेकले आणि खुर्चीत बसले.

"एक मार्ग आहे," ते म्हणाले. "देणं नको, घेणं नको. घर दोघींच्या नावावर करा. अर्धं-अर्धं असं नाही, अख्खं घर दोघींचं. आणि खतात स्पष्ट लिहायचं की दोघींपैकी जी मागे राहील, तिचं सगळं घर आपोआप. जिचा नंबर आधी लागेल तिचं नाव कमी होणार, बस. मृत्यूचा दाखला घेऊन नोंदणी कचेरीत जायचं. कोर्ट नाही, प्रोबेट नाही, कोणाला नोटीस नाही."

दाराची फट रुंद झाली. "म्हणजे कोण आधी जाणार ते आत्ता ठरवायला नको?" वन्संनी विचारलं.

"नको."

"दोन सीटा, शेजारी शेजारी?"

"हो, तसंच म्हणा."

वन्सं बाहेर आल्या आणि किती तरी दिवसांनी पुढच्या खोलीत खुर्चीवर टेकल्या. पण आता काकू मोजपट्टी बोटाला गुंडाळू लागल्या होत्या. "आणि माझा विचार बदलला तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"तेच सांगायचं होतं," वकील म्हणाले. "एकदा त्यांचं नाव घातलं की तुम्हाला एकटीला ते काढता येणार नाही. विकायचं, गहाण टाकायचं, साधी भिंत हलवायची, प्रत्येक गोष्टीला दोघींच्या सह्या. इथे माया सोडायची सोय नाही, काकू. कापलं की कापलं."

काकूंनी जन्मात कधी कापड असं कापलं नव्हतं. आत चार बोटं ठेवल्याशिवाय त्यांच्या हाताला चैन पडत नसे. त्या वन्संकडे बघत राहिल्या. वन्सं कपाच्या तळची साखर चमच्यानं खरवडत होत्या आणि तो आवाज काकूंना ऐकवत नव्हता. हे आता कायमचं, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांच्या असंही मनात आलं की हे आजवर कायमचंच होतं, फक्त कागदावर नव्हतं.

"कापा," त्या म्हणाल्या.

एवढ्यावर संपलं असतं तर त्या नणंद-भावजया कसल्या. आधी नाव कोणाचं यावरून पुन्हा वाजलं. वन्सं म्हणाल्या, वयानं मी मोठी. काकू म्हणाल्या, नात्यानं मी मोठी. वकिलांनी घड्याळाकडे बघितलं आणि त्यांना एकदम सुचलं. "या घरात आधी कोण आलं?" वन्सं थबकल्या. घर काकूंनी आणि नवऱ्यानं घेतलं होतं. वन्सं नंतर बॅग घेऊन आल्या होत्या. रांगेचा नियम म्हणजे नियम. "लिहा वहिनींचं आधी," त्या म्हणाल्या, "पण माझं त्याच ओळीत हवं. खाली नको."

नोंदणी कचेरीत जायला भाच्याची गाडी मागवली. कशासाठी ते काकूंनी वाटेत सांगितलं, गाडी चालू असताना, म्हणजे त्याला भिंत वाजवायला मिळणार नाही. दोन सिग्नल गेल्यावर भाच्यानं स्टीअरिंगवरच बोटानं टकटक केलं. मग म्हणाला, "म्हणजे ती मधली भिंत काढायची नाही?"

मागच्या सीटवरून वन्सं म्हणाल्या, "काढता येईल की. दोघींच्या सह्या घेऊन ये."

भाचा आरशातून त्यांच्याकडे बघत राहिला आणि हसू आवरेना म्हणून खोकू लागला. मघाशी म्हटलं तसं, मनानं वाईट नव्हता.

कचेरीत गर्दी होती, पण वन्सं आत शिरल्याबरोबर तिची रांग झाली. यांचा नंबर आला. कारकुनानं कागद तपासले, सह्या घेतल्या, फोटो काढला. फोटोत दोघी एकमेकींकडे रागानं बघताना आल्या. मग त्यानं काकूंना अंगठा मशीनवर ठेवायला सांगितलं. मशीननं टूं टूं केलं. पुन्हा ठेवला. पुन्हा टूं टूं.

"अंगठा येत नाही," कारकून म्हणाला. "रेषाच नाहीत हो तुमच्या बोटावर."

काकूंनी आपला अंगठा बघितला. सुया, टाचण्या, दोरा आणि कात्री यांनी तो घासून घासून गुळगुळीत केला होता. तर्जनीही तशीच. हात धुतला, पुसला, पदराला घासला. टूं टूं. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. "ठसा नसेल तर नोंदणी आज व्हायची नाही, वरून परवानगी आणावी लागेल," कारकून म्हणाला. त्यांना तो व्हरांडा दिसू लागला. इतकं सगळं करून आपण आपल्याच अंगठ्यापायी अडणार!

"टोपणाचं बोट दाखवा," वन्सं म्हणाल्या.

"काय?"

"अहो, मधलं बोट. त्याच्यात तुम्ही दिवसभर ते पत्र्याचं टोपण घालून बसता ना, सुई टोचू नये म्हणून! ते राहिलं असेल शाबूत. इतकी वर्षं समोर बसून बघतेय मी."

काकूंनी मधलं बोट ठेवलं. मशीन गप्प राहिलं आणि हिरवा दिवा लागला. रांगेतल्या कोणीतरी टाळी वाजवली. वन्संनी मागे वळून त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पुन्हा रांगेत सरळ उभा राहिला. मग त्यांनी स्वतःचा अंगठा ठेवला. तो पहिल्या फटक्यात आला आणि ही गोष्ट त्यांनी घरी पोचेपर्यंत तीनदा सांगितली.

त्या संध्याकाळी काही विशेष झालं नाही. दोघी थकल्या होत्या, चहा पिऊन लवकर झोपल्या. इतक्या मोठ्या गोष्टीनंतर घर जसंच्या तसं कसं, याचं काकूंना जरा नवल वाटलं. भिंती त्याच, मशीन तेच, वन्संचं घोरणंही तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई मुलीचा लांब झगा घेऊन आली. मुलगी स्टुलावर उभी, काकू तिच्या पायाशी, तोंड टाचण्यांनी भरलेलं. घेराची खूण अर्धी झाली होती. एवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. ठक. मग जरा थांबून ठक, ठक. आणि काहीतरी भदकन जमिनीवर पडलं.

काकूंच्या मनात पहिला विचार आला तो भाच्याचा. तशाच उठून त्या टाचण्यांसकट आत धावल्या.

वन्सं स्टुलावर उभ्या होत्या. हातात खालच्या सायकलवाल्याचा हातोडा, जो सायकलीलाही जड होता. भिंतीच्या अगदी मधोमध, धड वर नाही धड खाली नाही अशा जागी, एक खिळा वाकडा होऊन लोंबत होता आणि त्याच्याभोवतीचा बशीएवढा गिलावा निघून जमिनीवर पडला होता. वन्संच्या केसांत चुना. काखेत कॅलेंडर.

"तुमची सही घ्यायला हवी होती का हो?" त्यांनी विचारलं. "भिंतीचं काम आहे."

"हंहं," काकू म्हणाल्या.

वन्सं स्टुलावरून त्या वाकड्या खिळ्याकडे बघत राहिल्या. "किती वर्षं मनात होतं," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्याच्या भिंतीला भोक कसं पाडायचं? आपण आलेलो आठ-पंधरा दिवसांसाठी."

काकू तशाच उभ्या राहिल्या. कालपर्यंत बरणीला टेकवलेलं कॅलेंडर, खुर्चीच्या पाठीवरची पर्स, कोपऱ्यातली छत्री, खिडकीतला आडवा आरसा. इतकी वर्षं त्या याला आळस म्हणत आल्या होत्या आणि गिऱ्हाइकांना हसून सांगत आल्या होत्या. वन्सं इतकी वर्षं बॅग भरायच्या तयारीत राहिल्या होत्या, आणि ते याच घरात, यांच्याच डोळ्यांसमोर. काकूंना वाईट वाटलं. नवरा गेल्यानंतर एवढं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि पदराला टोचल्या. वन्संनी मान खाली घातली. आता तुंबलेलं सगळं बाहेर येणार हे त्यांना ठाऊक होतं. पण काहीच आलं नाही. काकूंनी वाकून स्टूल दोन्ही हातांनी धरलं.

"तो वाकडा गेलाय, काढून टाका," त्या म्हणाल्या. "दुसरा ठोका. मग पर्सला एक. आणि छत्रीला दाराशी."

"गिलावा पडेल अजून."

"पडू दे."

पुढच्या खोलीतून झग्यातल्या मुलीच्या आईनं हाक मारली, "अहो काकू, पोरगी केव्हाची उभी आहे!"

"थांबा जरा!" काकू स्टूल न सोडता ओरडल्या. "आमच्या दोघींच्या घराचं काम चाललंय."